'रन' शब्दाचे अर्थ : धावणं थोडं, चालणं-वाहणं फार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मराठी माध्यमात शिकलात, पुण्यात एका कंपनीत नोकरी करता आणि सोबत अनुवादकाच्या परीक्षेची तयारी करताय. शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढंच शिकलात. आता ऑफिसात साहेब म्हणतात 'लेट मी रन धिस बाय यू', क्लायंट म्हणतो 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम', अंदाजपत्रकात दिसतं 'द कॉस्ट मे रन इन्टू क्रोर्स', आणि सरावाच्या उताऱ्यात आलं 'बोथ सेन्टेन्सेस शॅल रन कन्करंटली'. या शेवटच्या वाक्याचा अनुवाद तुम्ही 'दोन्ही शिक्षा समांतर धावतील' असा केलात आणि तो तुम्हालाच खटकला. शब्दकोश उघडला तर पानंच्या पानं अर्थ. हे सगळं पाठ कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

पाठ करू नका. ते कुणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मी सत्तावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतेय. पंपांच्या माहितीपुस्तिका, औषधांसोबतची पत्रकं, विम्याचे करार, कोर्टाचे कागद असं सगळं हाताखालून गेलं. या शब्दाइतकं दुसऱ्या कुठल्याही शब्दाने मला शिकवलेलं नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी या शब्दाचा पसारा बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, चारशेच्या वर अर्थांची. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'ने तो मान घेतला. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. ती नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या संपादकांना सुमारे नऊ महिने लागले. एका शब्दासाठी नऊ महिने! तेव्हा तुम्हाला तो आठवड्यात आटोक्यात येत नसेल तर मनाला लावून घेऊ नका.

पण या ६४५ अर्थांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. हे क्रियापद फार जुनं आहे आणि जुन्या इंग्रजीतही माणसाच्या पळण्याबरोबरच पाण्याच्या वाहण्यासाठी ते वापरलं जाई. जर्मन ही इंग्रजीची बहीण. तिच्यात आजही दोन जुळी क्रियापदं आहेत: 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे धार लागून वाहणं, झिरपणं. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात ठेवलं. त्यामुळे 'रन' वाचल्यावर डोळ्यांसमोर फक्त पाय आणू नका, ओढा आणा. एकदा सुरू झालं की आपल्या गतीने पुढे जात राहणारं, एका वाटेने जाणारं आणि कधीतरी संपणारं काहीही इंग्रजीत 'रन' होऊ शकतं. 'द टॅप इज रनिंग' म्हणजे नळ चालू आहे, वाहतोय. 'हिज नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतंय, गळतंय. 'द कलर्स रॅन' म्हणजे धुताना कपड्याचा रंग सुटला. 'टिअर्स रॅन डाउन' म्हणजे डोळ्यांतून धारा लागल्या. 'द वेल रॅन ड्राय' म्हणजे विहीर आटली. या पाचही वाक्यांत मराठीने क्रियापद बदललं, चित्र मात्र तेच राहिलं. जाता जाता सांगते, सर्दीला आपल्याकडे डॉक्टरही 'रनिंग नोज' म्हणतात, पण इंग्लंड-अमेरिकेत 'रनी नोज' हा रूढ शब्द आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. आपलं दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, वर्ग चालतात, संसार चालतो. इंग्रजीत हे सगळं 'रन' होतं किंवा कुणीतरी ते 'रन' करतं. 'टू सिस्टर्स रन द शॉप' म्हणजे दुकान दोघी बहिणी चालवतात. 'द बस डझन्ट रन ऑन संडेज' म्हणजे रविवारी बस नसते. इथे तर चालण्याचीही गरज पडली नाही, 'असणे'वर काम भागलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, 'रन' दिसलं की आधी 'चालणे' लावून बघा, मग 'वाहणे', मग 'असणे' किंवा 'जाणे'. 'धावणे' सगळ्यांत शेवटी.

याला अपवाद आहे रेल्वेचा. स्टेशनवर लोकल 'उशिराने धावत आहेत' अशीच घोषणा होते आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 'धावली' असंच आपण लिहितो. तिथे 'धावणे' मराठीत पुरतं मुरलंय, ते काढायला जाऊ नका. कोल्हापूर-सांगलीकडे गाडी 'पळते'. जुनी मोटारसायकल विकत घेताना 'किती पळालीय?' असं विचारतात, म्हणजे मीटरवर किती किलोमीटर झालेत. चांगला अनुवादक हे कान उघडे ठेवून ऐकतो, कारण हे शब्दकोशात सापडेलच असं नाही.

'चालणे' आणि 'रन' यांची जोडी मात्र डोळे मिटून लावू नका. मी तिथे दोनदा ठेच खाल्लीय. पहिली नाटकाच्या बाबतीत. 'द प्ले रॅन फॉर थ्री वीक्स' या वाक्यात नाटक तीन आठवडे रंगमंचावर होतं एवढीच माहिती आहे, त्यात कौतुक नाही. तीन आठवड्यांत बंद पडलं असाही सूर असू शकतो. मराठीत मात्र 'नाटक चाललं' म्हटलं की ते लोकांना आवडलं असा अर्थ होतो. म्हणून मी आता 'तीन आठवडे प्रयोग झाले' असं लिहिते आणि मूळ लेखकाला कमीपणा दाखवायचा असेल तर 'तीनच आठवडे'. खरोखर मोठा 'रन' बघायचा तर लंडनच्या वेस्ट एंडमध्ये एक रहस्यनाटक नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू झालं, ते करोनामुळे मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद होईपर्यंत अखंड होत राहिलं. आपल्याकडे मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात १९९५ साली लागलेला सिनेमा पंचवीस वर्षांहून अधिक काळ तिथे होता. इंग्रजी पत्रकार त्यालाही 'लाँग रन' म्हणतात. आणि बघा, मराठीत सिनेमा आधी 'लागतो' आणि मग 'चालतो'. कुणी परदेशी माणूस मराठी शिकू लागला की 'लागणे'पाशी त्याची तुमच्यासारखीच अवस्था होते: भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वाटेत देऊळ लागतं, नाद लागतो. आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही, कारण आपण ते पाठ केलेलं नाही, वाक्यांतून उचललंय. 'रन'ही तसाच उचलायचा.

दुसरी ठेच उलट्या दिशेने होती, मराठीतून इंग्रजीत जाताना. 'मला चहा चालेल', 'उद्या आलात तरी चालेल' यातल्या 'चालेल'चा 'रन'शी काही संबंध नाही. तिथे 'दॅट्स फाइन', 'दॅट विल डू' असं काहीतरी लागतं.

भूगोलाच्या पुस्तकांत या शब्दाने बरंच नुकसान केलंय. रस्ता, भिंत, डोंगररांग, सीमारेषा हे सगळं इंग्रजीत 'रन' होतं, कारण बघणाऱ्याची नजर त्या रेषेवरून पुढे सरकत जाते. म्हणून 'सह्याद्री पश्चिम किनाऱ्याला समांतर धावतो' अशी वाक्यं छापली जातात. सह्याद्री धावत नाही हो, तो पसरलेला आहे, उभा आहे. रस्ता 'जातो', भिंत 'कडेकडेने गेलेली असते', नदी 'वाहते'. मुलं पुस्तकातून भाषा शिकतात, म्हणून हे 'धावणं' मला मनापासून टोचतं. 'करार मार्चपर्यंत धावतो' हे त्याच जातीचं. 'द लीज रन्स टिल मार्च' म्हणजे भाडेकरार मार्चपर्यंत आहे, बस्स.

यानंतर येतो वाक्याच्या बांधणीचा फरक. तुमच्या क्लायंटचं वाक्य या गटातलं आहे. 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम' यात इंग्रजीने माणसाला कर्ता केलंय: आम्ही वेळेतून बाहेर चाललो आहोत, असं काहीसं. मराठीत माणूस मागे सरतो आणि वस्तू पुढे येते: वेळ संपत आला. 'आय हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली. 'शी रॅन अ फीव्हर' म्हणजे तिला ताप होता. 'ही रॅन अप अ ह्यूज बिल' म्हणजे त्याचं बिल भरमसाठ चढलं. 'आय रॅन इन्टू ॲन ओल्ड फ्रेंड' म्हणजे जुना मित्र अचानक भेटला. 'वी रॅन शॉर्ट ऑफ चेअर्स' म्हणजे खुर्च्या कमी पडल्या. या सगळ्यांत 'मी', 'आम्ही', 'तो' धरून ठेवलं की मराठी वाक्य लंगडतं. कर्ता बदलायची भीती वाटते, पण तो बदलणं म्हणजे मूळ वाक्याशी बेइमानी नव्हे. मराठी माणूस ती गोष्ट जशी सांगेल तशी सांगणं हेच आपलं काम आहे.

इथे एक बारकी गोष्ट परीक्षेसाठी लक्षात ठेवा. वस्तू संपली तर 'द शुगर हॅज रन आउट', इथे 'ऑफ' नाही. माणसाकडची वस्तू संपली तर 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर', इथे 'ऑफ' हवाच. आणि 'शुगर गॉट ओव्हर' हे 'साखर संपली'वरून आपण घडवलेलं इंग्रजी आहे. आपापसात बोलताना कळतं, तक्रार नाही. बाहेरदेशच्या माणसाला पत्र लिहिताना मात्र 'वी हॅव रन आउट ऑफ' लिहा. आणि 'हॅव रॅन' कधीही लिहू नका. 'रन, रॅन, रन' अशी रूपं आहेत, तिसऱ्या रूपात पहिलंच परत येतं. मराठी माध्यमातून आलेल्या चांगल्या चांगल्या मुलांची ही चूक मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतेय.

मगाशी म्हटलं 'आय रॅन इन्टू', तोच 'रन इन्टू' आकड्यांपुढे आला की अर्थ पालटतो. 'द कॉस्ट मे रन इन्टू क्रोर्स' यासाठी मराठीत किती सुंदर बोलणं आहे: खर्च कोटींच्या घरात जाईल. इंग्रजीत आकड्यात 'शिरतं', मराठीत आकड्याच्या 'घरात जातं'. असं तयार बोलणं सापडलं की मला अजूनही आनंद होतो. तुमच्या साहेबांचं 'लेट मी रन धिस बाय यू' हेही तसंच. त्याचा अर्थ निर्णय सांगतोय असा नाही आणि परवानगी मागतोय असाही नाही. एक कल्पना डोक्यात आहे, तुम्ही ऐका, काही खटकलं तर सांगा. मराठीत आपण म्हणतो 'तुमच्या कानावर घालतो'. फरक एवढाच की 'कानावर घालणे' नुसती बातमी देण्यासाठीही वापरतात, म्हणून मी 'कानावर घालतो, काय वाटतं ते सांगा' असं पुढे जोडते. साहेबांनी तसं म्हटलं तर नुसतं 'ओके सर' म्हणून थांबू नका. तुमचं मत त्यांना खरोखर हवं आहे.

शेजारच्या छोट्या शब्दाने अर्थ कसा फिरतो ते जरा भरभर बघू. 'रन थ्रू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा उजळणी करणं. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणं, पण सभा 'रॅन ओव्हर' झाली तर ठरल्या वेळेपेक्षा लांबली. 'रन डाउन' हे एखाद्याला नावं ठेवणं असू शकतं. बॅटरी 'रन डाउन' झाली म्हणजे उतरली, इमारत 'रन-डाउन' आहे म्हणजे मोडकळीला आलीय, माणूस 'रन-डाउन' आहे म्हणजे थकून गळून गेलाय. तोच शब्द जोडून नाम म्हणून आला की झाला थोडक्यात आढावा. 'रन आफ्टर' म्हणजे मागे लागणं. 'रन अ बाथ' म्हणजे टबात पाणी सोडणं. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणं. 'रन ॲन एरंड' म्हणजे बाहेरचं एखादं बारीकसारीक काम करून येणं. सिग्नल तोडण्याला अमेरिकेत 'रन अ रेड लाइट' म्हणतात, आपल्याकडे 'सिग्नल जंप केला' असं इंग्रजीतूनच म्हणतात. टीव्हीवर बातमी 'रन' करतात, तिला मराठी पत्रकारही 'बातमी चालवली' म्हणतात.

एका प्रयोगापाशी मात्र मला थांबायचंय. 'इट रन्स इन द फॅमिली.' काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाचा अर्ज तपासायला माझ्याकडे आला. त्यात प्रश्न होता: 'तुमच्या कुटुंबात हृदयविकार धावतो का?' हा कागद एखाद्या गावाहून आलेली आजी तपासणीच्या आधी हातात घेणार, सोबतचा नातू वाचून दाखवणार, आणि दोघांनाही कळणार नाही की नेमकं काय विचारलंय. उत्तर चुकलं तर डॉक्टरांपर्यंत चुकीची माहिती जाणार. मी तिथे 'आनुवंशिक' हा शब्दसुद्धा टाकला नाही. सरळ लिहिलं: 'तुमचे आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा यांपैकी कुणाला हृदयविकार आहे किंवा होता का?' शब्द वाढले, पण प्रश्न पोचला. बोलण्यात हेच आपण 'घराण्यातच आहे' किंवा चांगल्या गुणांसाठी 'रक्तातच आहे' असं म्हणतो. 'संगीत त्यांच्या रक्तात आहे' हे 'म्युझिक रन्स इन द फॅमिली'ला चपखल बसतं. मधुमेहाला मात्र 'घराण्यात आहे' हेच शोभतं, कारण 'रक्तात साखर' म्हटलं की लोक वेगळंच समजतील.

माझी स्वतःची चूकही सांगते. सुरुवातीच्या काळात एका पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची पुस्तिका केली. त्यात होतं 'रन अन्टिल द वॉटर रन्स क्लिअर'. मी लिहिलं 'पाणी स्पष्ट वाहीपर्यंत चालवा'. शब्द सगळे मराठी, वाक्य एकही नाही. ज्यांनी तपासलं त्यांनी शांतपणे विचारलं, 'तांदूळ धुताना तू आईला काय सांगशील?' मी म्हटलं, 'नितळ पाणी येईपर्यंत धू.' त्यांनी तेच लिहायला सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी स्वतःला हाच प्रश्न विचारते: ही गोष्ट माझ्या घरात कशी बोलली जाईल?

आपल्या बोलण्यात 'रनिंग' परस्पर शिरून बसलंय, त्याचेही अर्थ बघण्यासारखे आहेत. स्वयंपाकघराचा ओटा बसवणारा 'रनिंग फूट' भाव सांगतो, म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी धरायची नाही. सरकारी कामाचा कंत्राटदार 'रनिंग बिल' लावतो, म्हणजे काम सुरू असतानाच झालेल्या कामापुरतं बिल. मुंबईत आया मुलांना सांगतात, 'रनिंग ट्रेन पकडू नकोस.' शाळेतली 'रनिंग ट्रॉफी' म्हणजे फिरता चषक. शिवणाच्या वर्गातला 'रनिंग स्टिच' म्हणजे धावदोरा. 'रनिंग कॉमेंट्री'ला आपण 'धावतं वर्णन' म्हणतो. ही शेवटची दोन भाषांतरं इतकी रुळली आहेत की तिथे 'धाव' खटकत नाही. क्रिकेटचंही तसंच: धाव, धावबाद, धावगती. चौकार गेला की फलंदाज धावलेला नसतो, तरी त्याच्या नावावर चार 'धावा'च लागतात. म्हणजे धावणं या अर्थापासून शब्द किती दूर जाऊ शकतो याचा दाखला आपल्याच भाषेत रोज संध्याकाळी मिळतो.

नाम म्हणून 'रन' येतो तेव्हा वर्तमानपत्रं वाचताना सावध राहा. 'बँक रन' हा त्यातला अवघड. बँक बुडेल या धास्तीने सगळे खातेदार एकदम पैसे काढायला येतात, त्याला इंग्रजीत 'अ रन ऑन द बँक' म्हणतात. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून खातेदारांनी ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायची मागणी केली आणि दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँक बंद केली. तिथे रांगाही फार नव्हत्या, बहुतेक मागण्या मोबाइल-संगणकावरून आल्या. म्हणून 'बँकेसमोर रांगा' हे भाषांतरही आता पुरत नाही. मी 'पैसे काढण्यासाठी खातेदारांची झुंबड' असं लिहिते.

'ड्राय रन'च्या बाबतीत मराठी आधीच तयार होती. २ जानेवारी २०२१ ला करोनाच्या लसीकरणाचा 'ड्राय रन' देशभर झाला. लस न देता नोंदणीपासून निरीक्षणकक्षापर्यंत सगळी साखळी तपासून बघितली. काही वार्ताहरांनी त्याला 'रंगीत तालीम' म्हटलं. नाटकवाल्यांचा शब्द: वेशभूषेसह, दिव्यांसह, पण प्रेक्षकांशिवाय. कुणी 'कोरडी धाव' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

निवडणुकीत तर दोन इंग्रजींत मतभेद आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. मराठीत आपण निवडणुकीला 'उभे राहतो' किंवा ती 'लढवतो'. अमेरिकन बातमीत 'शी इज रनिंग फॉर गव्हर्नर' आलं तर 'ती गव्हर्नरपदासाठी उभी आहे' असं निःशंक लिहा. इंग्रजीतली व्यक्ती धावत होती आणि मराठीत ती उभी राहिली, तरी अर्थ तोच.

वाक्प्रचारांपैकी दोघांच्या मागची कथा सांगते, म्हणजे ते विसरणार नाहीत. 'रन द गॉन्टलेट'मधला गॉन्टलेट हा लोखंडी हातमोजा नाही, जरी तो शब्द तसाच दिसतो. मुळात स्वीडिश 'गातलोप' हा शब्द होता, 'गात' म्हणजे गल्ली आणि 'लोप' म्हणजे धाव. अपराधी सैनिकाला समोरासमोर उभ्या दोन रांगांमधून जायला लावत आणि दोन्हीकडून फटके मारत. सतराव्या शतकात इंग्रजीत आल्यावर उच्चार ओळखीच्या हातमोज्यापाशी जाऊन चिकटला. आज त्याचा अर्थ चहूबाजूंनी टीकेचा मारा सोसत पुढे जाणं. 'थ्रो डाउन द गॉन्टलेट', म्हणजे आव्हान देणं, यातला हातमोजा मात्र खराच. दुसरा 'रन-ऑफ-द-मिल'. गिरणीतून निघालेला, अजून प्रतवारी न लावलेला माल, त्यावरून 'सर्वसाधारण, विशेष काही नाही' असा अर्थ आला. याला मराठीत 'चारचौघांसारखा' छान बसतं.

म्हणींना त्यांच्या जोडीच्या म्हणी शोधा, शब्द शोधू नका. 'रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स' म्हणजे सशाबरोबर पळायचं आणि शिकारी कुत्र्यांबरोबर शिकारही करायची. आपण म्हणतो दोन्ही डगरींवर हात ठेवणे. 'स्टिल वॉटर्स रन डीप' याची गंमत अशी की मराठीने तीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगितलीय: उथळ पाण्याला खळखळाट फार. इंग्रजी शांत माणसाच्या खोलीबद्दल बोलते, मराठी गाजावाजा करणाऱ्याच्या उथळपणाबद्दल. एखाद्या अबोल मुलीचं वर्णन असेल तिथे आपली म्हण बसणार नाही. तिथे म्हण सोडून द्या आणि 'बोलत नाही, पण मनात बरंच काही आहे' असं साधं वाक्य लिहा.

आता तुमचं कोर्टाचं वाक्य. 'बोथ सेन्टेन्सेस शॅल रन कन्करंटली.' शिक्षेचा काळही ओढ्यासारखा एका दिशेने पुढे सरकत राहतो, म्हणून इंग्रजी कायद्यात शिक्षा 'रन' होते. समजा, एका गुन्ह्यासाठी पाच वर्षं आणि दुसऱ्यासाठी तीन वर्षं शिक्षा झाली. दोन्ही 'कन्करंटली' असतील तर दोन्हींचे दिवस एकाच वेळी मोजले जातात आणि माणूस पाच वर्षं आत राहतो. 'कन्सेक्युटिव्हली' असतील तर एक संपल्यावर दुसरी सुरू होते आणि ती आठ वर्षं होतात. 'समांतर धावतील' हे वाचून कैद्याच्या घरच्यांना यातलं काय कळणार? मी एका निकालपत्राचा अनुवाद केला तेव्हा कैद्याचे वडील समोर बसले होते आणि त्यांनी एवढंच विचारलं, 'किती वर्षं?' तुमच्या उताऱ्यात 'दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत' असं लिहा, आणि उलट असेल तिथे 'एक शिक्षा भोगून झाल्यावर दुसरी सुरू होईल' असं. बाकीचा उतारा तुम्ही चांगला केलाय, त्याला हात लावू नका.